फलाटावरील शब्दांची कुळकथा
कुर्ला स्थानकाच्या निमित्ताने इंग्रजी आणि मराठी शब्दव्यवहाराचा एक अभ्यास

मुंबईच्या उपनगरांत कुर्ल्याइतकी गजबजलेली स्थानके थोडीच असतील. मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग आणि हार्बर मार्ग येथे एकत्र येतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी याच परिसरातून गेली. १९१० मध्ये कुर्ला ते रे रोड हा लोहमार्ग सुरू झाला आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर धावणारी देशातील पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती कुर्ल्यापर्यंतच. रेल्वेच्या मागोमाग गिरण्या आल्या, मोटारींचा कारखाना आला आणि कोकण, देश व परप्रांतांतून आलेली श्रमिक कुटुंबे येथे स्थिरावली.

या सर्वांबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे शेकडो परके शब्द. शाळेचे तोंडही न पाहिलेला कामगार ‘लोकल’, ‘पास’, ‘सिग्नल’, ‘वॉर्ड’ हे शब्द सहजतेने बोलू लागला. मात्र हाच कामगार रात्रशाळेत इंग्रजीचे पुस्तक उघडताच बुजतो. आपले उच्चार गावंढळ आहेत, इंग्रजीचे नियम आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत, असे त्याला वाटते. दुसऱ्या बाजूने, इंग्रजी शब्दांनी मराठी बाटली अशी खंत सुशिक्षितांतून व्यक्त होते. वस्तुतः हे भय आणि ही खंत या दोहोंचे मूळ एकच आहे : शब्दांच्या इतिहासाचा अपरिचय. कुर्ल्याच्या फलाटावर रोज कानी पडणाऱ्या काही शब्दांची कुळकथा पाहिली, तर दोन्ही गैरसमज दूर होण्यास साहाय्य होईल.

ठेसन, स्थानक आणि ठाणे

खेड्यातून आलेला माणूस ‘स्टेशन’ न म्हणता ‘ठेसन’ म्हणतो, तेव्हा ऐकणारा हसतो. परंतु या उच्चारात हसण्यासारखे काही नाही. शब्दाच्या आरंभीचे जोडाक्षर टाळून तेथे एकच सुटे व्यंजन आणणे ही मराठीच्या पूर्वज भाषांची जुनी रीत आहे. संस्कृतातील ‘स्थान’ या शब्दाचे प्राकृतात ‘ठाण’ झाले आणि त्यातूनच मराठीतील ‘ठाणे’ आले. संस्कृत शब्दाला जो न्याय दोन हजार वर्षांपूर्वी लावला गेला, तोच न्याय इंग्रजी शब्दाला विसाव्या शतकातील शेतकऱ्याने लावला.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. ‘स्टेशन’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘उभे राहणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. लॅटिन आणि संस्कृत या एकाच प्राचीन भाषाकुलातील असल्याने, लॅटिनमधील तो धातू आणि संस्कृतमधील ‘स्था’ हा धातू सख्खे आहेत. म्हणजे ‘स्टेशन’, त्याला मराठीत योजलेला ‘स्थानक’ हा शब्द आणि पहिली गाडी जेथे पोहोचली ते ‘ठाणे’, हे तिन्ही शब्द एकाच मुळाच्या शाखा ठरतात.

‘जंक्शन’ची कथा अशीच आहे. लॅटिनमधील ‘जोडणे’ या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. संस्कृतातील ‘युज्’ हा त्याचा आप्त होय. ‘योग’ आणि ‘युग’ हे शब्द त्याच धातूचे. बैलांच्या मानेवर ठेवावयाच्या ‘जू’ला इंग्रजीत ‘योक’ म्हणतात, तेही याच नात्याने. शेतावरचे जू सोडून कुर्ला जंक्शनवर उतरलेल्या माणसाने नकळत त्याच कुळातील दुसऱ्या शब्दाचा आश्रय घेतला, असे म्हणावे लागेल.

फलाट झाला घरचा

‘प्लॅटफॉर्म’ आणि ‘फलाट’ हा एकच शब्द आहे हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ सपाट आकार. त्यातील ‘सपाट’ या अर्थाचा भाग ग्रीक भाषेतून आला असून संस्कृतमधील ‘पृथु’, म्हणजे विस्तीर्ण, हा त्याचा दूरचा भाऊबंद आहे. ‘पृथ्वी’ हे नाव ‘पृथु’वरूनच पडले. मराठी माणसाने या लांबलचक शब्दाचे पुढचे अंग टाकून दिले आणि उरलेल्याला आपल्या जिभेचे वळण दिले.

परका शब्द भाषेत कितपत रुळला हे ओळखण्याची एक सोपी कसोटी मराठी व्याकरणातच आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘घर’चे ‘घरावर’ होते. त्याचप्रमाणे ‘फलाट’चे ‘फलाटावर’ होते. मात्र ‘प्लॅटफॉर्म’ म्हणणारा मनुष्य ‘प्लॅटफॉर्मवर’ असेच म्हणतो. शब्द एकच, पण त्याचे एक रूप घरात आले आहे आणि दुसरे अजून उंबऱ्यावर उभे आहे. ‘तिकीट’ या शब्दाने तर मराठीचा ऱ्हस्व-दीर्घाचा नियमही स्वीकारला. ‘गरीब – गरिबाला’, ‘वकील – वकिलाला’, तसेच ‘तिकीट – तिकिटाला’.

लिंगाच्या बाबतीत मराठीची हुकमत आणखी स्पष्ट दिसते. आधुनिक इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या नामांना व्याकरणिक लिंग जवळजवळ उरलेले नाही. मराठीत मात्र प्रत्येक नामाला लिंग हवेच. म्हणून प्रवासी म्हणतो : ‘पास संपला, तिकीट हरवले, लोकल चुकली.’ तीन इंग्रजी शब्दांना तीन लिंगे मिळाली. ‘गाडी’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘लोकल’, ‘बस’ आणि ‘टॅक्सी’ स्त्रीलिंगी. यांतील ‘लोकल’ हे तर मुळात ‘स्थानिक’ या अर्थाचे विशेषण. मराठी बोलण्यात गाडीचा उल्लेख गळाला आणि विशेषणच नाम होऊन बसले. शब्द परका असला, तरी त्याला चालविणारे व्याकरण पूर्णतः घरचे आहे.

गार्ड आणि वॉर्ड

उसनवारी केवळ मराठीनेच केली असे नाही. इंग्रजी ही भाषा तर उसनवारीवरच पोसली आहे. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर तेथील राजदरबारात आणि न्यायालयांत फ्रेंचचे प्राबल्य वाढले. हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. त्यांतील काही शब्द मुळात जर्मानिक वंशाचे होते, आणि इंग्रजीत त्यांचे सख्खे भाऊ आधीपासूनच नांदत होते. एकाच शब्दाने दोन दरवाजांनी घरात यावे, तसा हा प्रकार झाला.

याचे उदाहरण कुर्ल्यात शोधावे लागत नाही. गाडीच्या शेवटच्या डब्यातील ‘गार्ड’ आणि बृहन्मुंबई महानगरपालिकेचा ‘एल वॉर्ड’, ज्यात कुर्ला मोडते, हे दोन्ही शब्द ‘राखण करणे’ या एकाच मूळ अर्थाचे आहेत. उत्तर फ्रान्सच्या बोलीत व इंग्रजीत ‘व’ राहिला, मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याच्या जागी ‘ग’ आला. जानेवारी २०२२ पासून रेल्वेने ‘गार्ड’ हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले. तथापि बोलण्यात जुना शब्द अद्याप टिकून आहे.

विजेच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात ‘गॅरंटी आहे की वॉरंटी?’ असा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतो. व्यापारी व्यवहारात या दोन शब्दांच्या अर्थांत भेद मानला जातो आणि खरेदीपूर्वी लेखी अटी वाचणे ग्राहकाच्या हिताचेच आहे. पण व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही जोडीसुद्धा ‘गार्ड – वॉर्ड’ सारखीच जुळी भावंडे आहेत. ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हीही अशीच जोडी : पहिला शब्द इंग्रजीचा घरचा, दुसरा स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतला.

शेपूट उरले, शब्द गेला

स्थानकाबाहेर पडताच ‘बस’ दिसते. हा शब्द म्हणजे भाषेतील एक गंमतच आहे. लॅटिनमध्ये ‘ओम्निबस’ याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये सार्वजनिक घोडागाडीस हे नाव मिळाले. पुढे इंग्रजीने त्यातील आरंभीचा भाग टाकून केवळ ‘बस’ ठेवले. म्हणजे ‘सर्व’ गेले आणि प्रत्ययाचा तुकडा तेवढा राहिला. ‘सर्वांसाठी’ या शब्दातील ‘साठी’ एवढेच शिल्लक ठेवून त्याला वाहनाचे नाव म्हणावे, तसे हे झाले. मुंबईत मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी धावू लागली, तेव्हा हा तुकडा मराठीतही स्थायिक झाला.

बसच्या शेजारी उभी असलेली ‘रिक्षा’ याहून दूरची. जपानी भाषेत ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘रिकी’ म्हणजे बळ आणि ‘शा’ म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी, असा त्याचा सरळ अर्थ. प्रवासात ‘जिन’ गळून पडला. पुढे इंजिन आल्यावर ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘ऑटो’ पुढे जोडण्यात आला. मराठीने त्यास ‘क्ष’ हे अक्षर देऊन असा काही पेहराव चढविला की, हा शब्द संस्कृत असावा असा भास व्हावा!

‘तिकीट’ हा शब्द ‘चिकटविलेली चिठ्ठी’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला. शिष्टाचाराला इंग्रजीत ‘एटिकेट’ म्हणतात, तोही याच शब्दाचा अवतार. रांगेत उभे राहून तिकीट काढणारा नागरिक व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही शिष्टाचारच पाळत असतो.

इंग्रजीपूर्वीचे पाहुणे

कुर्ला हे साष्टी बेटावरचे गाव. साष्टीवर १५३४ पासून सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीजांची सत्ता होती. १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेत मराठ्यांनी ती संपुष्टात आणली. सत्ता गेली, पण शब्द राहिले. पगार, पाव, चावी, मेस्त्री, घमेले, लिलाव, बटाटा, कोबी हे सर्व शब्द पोर्तुगीजांकडून आले. ‘महिनाअखेरीस पगार झाला की पाव आणि बटाटे आणू’ या वाक्यातील तीन नामे पोर्तुगीज आहेत असे सांगितल्यास कोणाचाही विश्वास बसणार नाही. इतके ते मराठी झाले आहेत.

कुर्ल्याच्या जुन्या गावठाणात होली क्रॉस चर्चच्या परिसरात राहणारा ख्रिस्ती समाज पिढ्यान् पिढ्या मराठीची एक बोली बोलत आला आहे. या समाजास ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरील भूमिपुत्रांना ‘पूर्व’ हे विशेषण का लागावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. गोवा आणि मंगळूर येथून मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांहून आपले वेगळेपण दर्शविण्यासाठी, ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या सेवेची आठवण म्हणून या समाजाने १८८७ च्या सुमारास हे नाव धारण केले. शब्दाचा कोशातील अर्थ एक आणि त्यामागील इतिहास दुसरा, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

मराठीची परतफेड

देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. मराठीतील ‘मुंगूस’ पोर्तुगीजांच्या मुखाने इंग्रजीत गेले व ‘मोंगूस’ झाले. इंग्रजीत हंसवर्गीय पक्षी ‘गूस’ याचे अनेकवचन ‘गीस’ होते. जुन्या काळी अनेकवचनाच्या प्रत्ययातील स्वराने आधीचा स्वर बदलला, पुढे प्रत्यय गळाला आणि बदललेला स्वर उरला. ‘फूट – फीट’ हे त्याच रीतीचे. पण ‘मोंगूस’चे अनेकवचन ‘मोंगीस’ होत नाही, ‘मोंगूसेस’ होते. कारण तो जुन्या इंग्रजीच्या घरातला नाही, महाराष्ट्रातून गेलेला पाहुणा आहे. परीक्षेत हे रूप पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने हे कारण लक्षात ठेवले, तर चूक होण्याचे कारण नाही.

जाड्याभरड्या सुती कापडावरून इंग्रजीत कामगारांच्या विजारीस ‘डंगरी’ म्हणू लागले. त्याचा संबंध मुंबईतील डोंगरीशी जोडला जातो. कायम कामगाराच्या जागी येणाऱ्या ‘बदली’ कामगाराचा शब्दही मुंबईच्या गिरण्यांतून इंग्रजी अहवालांत गेला.

मात्र व्युत्पत्तीच्या नावाखाली सांगितली जाणारी प्रत्येक कथा खरी नसते. सुक्या बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात. हे बोंबील डाकगाडीने जात, ‘डाक’चे ‘डक’ झाले, अशी कथा प्रसिद्ध आहे. परंतु रेल्वे सुरू होण्यापूर्वीच्या इंग्रजी लेखनातच हे नाव आढळते, त्यामुळे ती कथा टिकत नाही. कानाला गोड लागणाऱ्या व्युत्पत्तीला काळाच्या कसोटीवर घासून पाहावे, हा धडा त्यातून मिळतो.

लिहिणे एक, बोलणे एक

जुन्या इंग्रजी नकाशांत व रेल्वेच्या कागदपत्रांत कुर्ल्याचे स्पेलिंग ‘सी’ने आरंभ होऊन मध्ये दोन ‘ओ’ असलेले आढळते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले. पुढे भारतीय नावांच्या रोमन लेखनाची एकसूत्री पद्धत विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने रूढ झाली आणि ‘के’ व ‘यू’ यांची योजना झाली. गावाचे नाव बदलले नाही, केवळ त्याचा परका पोशाख बदलला.

इंग्रजी स्पेलिंगचा जाच सर्वच विद्यार्थ्यांना होतो. ‘नाइट’ म्हणजे रात्र आणि ‘नाइट’ म्हणजे सरदार. उच्चार एक, पण दुसऱ्याच्या आरंभी न उच्चारला जाणारा ‘के’. पूर्वी हा ‘के’ उच्चारला जात असे. १४७६ मध्ये विल्यम कॅक्सटनने इंग्लंडमध्ये मुद्रणालय काढल्यानंतर स्पेलिंगे हळूहळू स्थिर झाली, उच्चार मात्र बदलत राहिले. लेखन मागे राहिले, वाणी पुढे गेली.

मराठीलाही हा अनुभव आहे. पूर्वी ‘नांव’, ‘पांच’ असे अनुस्वार देऊन लिहीत, जरी ते उच्चारले जात नसत. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार वगळले. मराठीने जो भार उतरविला, तो इंग्रजी अजून वाहत आहे. आणि मराठीतही ‘चहा’ व ‘चमचा’ यांतील ‘च’ एकाच अक्षराने लिहिला जातो, पण उच्चार भिन्न आहेत. प्रत्येक भाषेचे असे काही हट्ट असतातच.

चुकांमागील कारणे

मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकल्या. त्या काळापासून ज्या चुका होत आल्या, त्या आजही होतात. कारण त्या निष्काळजीपणाच्या नसून मातृभाषेच्या सवयीच्या आहेत.

मराठीत ‘मी स्टेशनवर आहे’ आणि ‘मी फलाटावर आहे’ या दोन्ही वाक्यांत ‘वर’ येतो. विद्यार्थी दोन्हीकडे ‘ऑन’ योजतो. इंग्रजीत फलाट हा पृष्ठभाग, म्हणून तेथे ‘ऑन’ बरोबर. स्टेशन हे प्रवासातील एक ठिकाण, म्हणून तेथे ‘ॲट’. उलट मराठीत गाडीत, बसमध्ये आणि रिक्षात बसताना ‘त’ किंवा ‘मध्ये’ चालते. इंग्रजीत मात्र आगगाडी व बस यांना बहुधा ‘ऑन’ आणि मोटार, टॅक्सी व रिक्षा यांना ‘इन’ लागते. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्यास ‘ऑन’ आणि ज्यात अंग मुडपून बसावे लागते त्यास ‘इन’, ही खूण लक्षात ठेवण्यास सोयीची आहे.

‘दार बंद कर’ आणि ‘दिवा बंद कर’ यांत मराठीला एकच ‘बंद’ पुरतो. म्हणून ‘क्लोज द लाइट’ असे वाक्य जन्मास येते. इंग्रजीत दार ‘क्लोज’ होते, पण दिवा ‘स्विच ऑफ’ करावा लागतो. ‘कझिन ब्रदर’ हा प्रयोगही असाच. चुलत, मामे, आते आणि मावस अशी नात्यांची बारकाईने विभागणी करणाऱ्या मराठी मनाला इंग्रजीतील एकटा ‘कझिन’ अपुरा वाटतो आणि भाऊ की बहीण हे सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. चुकीचे कारण उमगले की ती सुधारणे सोपे जाते. केवळ हसण्याने ती सुधारत नाही.

लोकांच्या तोंडचा शब्द

या विवेचनाला व्यावहारिक बाजूही आहे. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभाराच्या भाषेचे अधिष्ठान दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. मराठीत अनेक नवे शब्द घडविले गेले. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ यांसारखे शब्द लोकांनी आपलेसे केले. काही शब्द फायलींतच राहिले. शिवकाळात रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोशात फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही कागद, दप्तर, अर्ज आणि सही हे शब्द गेले नाहीत, कारण ते लोकांच्या हाताला आणि तोंडाला बसले होते.

‘शिधापत्रिका’ हा शब्द सुंदर व अर्थवाही आहे. परंतु रांगेत उभी असलेली गृहिणी ‘रेशनकार्ड’ म्हणते. सूचनाफलकावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, तर तिची खेप वाया जात नाही आणि नवा शब्दही तिच्या परिचयाचा होतो. शब्दशुद्धीचा आग्रह धरताना समजण्याचा निकष विसरता कामा नये. शासनाचा शब्द नागरिकापर्यंत पोहोचला तरच त्याचे सार्थक होते.

शिवेपलीकडे

कुर्ल्याच्या अलीकडे शीव हे स्थानक आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी जेरुसलेमच्या झायन टेकडीवरून ‘सायन’ नाव दिले अशी एक समजूत आहे. मराठी ‘शीव’चा अर्थ मात्र सरळ आहे : सीमा. मुंबई बेट तेथे संपत असे आणि पलीकडे साष्टी बेटावर कुर्ला होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, बांधलेल्या सेतुमार्गाने ही दोन्ही तीरे जोडली गेली.

आज कुर्ल्यात १९९१ साली सुरू झालेले लोकमान्य टिळक टर्मिनस आहे. ‘टर्मिनस’ हा लॅटिन शब्द. त्याचाही मूळ अर्थ सीमा, शीव. ज्या शब्दाला मराठी माणूस पूर्णतः परका समजतो, त्याचाच अर्थ सांगणारे मराठी नाव शेजारच्या स्थानकाच्या पाटीवर नांदत आहे. रात्रशाळेतून परतणाऱ्या विद्यार्थ्याने ही पाटी एकदा लक्षपूर्वक वाचावी. इंग्रजी ही त्याला वाटते तितकी अनोळखी नाही आणि त्याची मराठी त्याला सांगितले जाते तितकी दुबळी नाही, याची खात्री त्याला तेथेच पटेल.